तुरटीत अ‍ॅल्युमिनियम नसतं? असतं!
ग्रुपवर फिरतंय ना, की बाजारातला डिओ फेकून द्या नि घरीच तुरटीची पूड आणि खायचा सोडा खोबरेल तेलात कालवून लावा, त्यात अ‍ॅल्युमिनियम अजिबात नाही, तर ते चूक आहे. तुरटी म्हणजेच पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, नावातच आलं. म्हणून ती वाईट असं मुळीच नाही हां, आमचे आजोबा दाढी झाली की रोज गालावर खडा फिरवायचे. ताज्या घामाला वास जवळपास नसतोच, तो बॅक्टेरियामुळे येतो आणि तुरटी त्यांनाच आवर घालते. मला काळजी सोड्याची वाटते, त्वचा किंचित आम्लधर्मी नि सोडा अल्कली, माझ्या काखा चार दिवसांत लालभडक होऊन सोलल्या. त्यापेक्षा आंघोळीनंतर ओल्या काखेत तुरटीचा खडा नुसता फिरवा, सोडा नकोच.