शेव्हरोलेचं हेड

सहा सिलिंडर एका रांगेत बसवलेलं इंजिन चालताना फार गोड चालतं. खोलायला मात्र ते लांबलचक प्रकरण आहे. हेड म्हणजे सिलिंडरांच्या डोक्यावर बसणारा ठोकळा. चार सिलिंडरच्या छोट्या गाडीचं हेड माणूस काखोटीला मारून नेतो. आमच्या १९५३च्या शेव्हरोलेचं हेड ओतीव लोखंडाचं, पाऊण मीटर लांब. ते उचलायला दोघं लागतात आणि "जपून, जपून" म्हणायला तिसरा. दादरच्या आमच्या सोसायटीत हा तिसरा माणूस चोवीस तास उपलब्ध असतो.

गाडी आजोबांची. जनरल मोटर्स १९२८पासून शिवडीला शेव्हरोले जुळवत असे. १९५४मध्ये ते काम थांबलं, म्हणजे आमची गाडी शेंडेफळच. तिचे लाड दोन पिढ्यांनी केले आणि बिलं माझ्या वाट्याला आली.

यंदा तिने पांढरा धूर सोडायला सुरुवात केली. रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि तीन व चार नंबरच्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पार बसलेलं. शेजारशेजारची दोन सिलिंडर एकदम बसली की हेडखालचं पॅकिंग त्यांच्या मधोमध गेलं असं समजायचं. "साहेब, तीन-चार एकमेकांशी बोलायला लागलेत," मिस्त्री म्हणाले. सोसायटीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याचं बोलणं बंद आहे, तेवढीच भरपाई.

"गणपतीच्या मांडवाआधी जागा मोकळी हवी हं," सेक्रेटरींनी बजावलं. त्या आठवड्यात पाऊस सुरू झाला.

मॅनिफोल्डचे नट निघता निघत नव्हते. त्याबद्दल न बोललेलंच बरं. वाल, म्हणजे हेडमधले व्हॉल्व्ह, मात्र बघण्यासारखे. सहा आत घेणारे, सहा बाहेर टाकणारे. जो ज्या गाइडमध्ये, म्हणजे नळीत, इतकी वर्षं घासला, तो तिथेच परत जायला हवा. म्हणून पेढ्यांच्या खोक्याला बारा भोकं पाडून, नंबर घालून त्यात ते उभे केले. "अहो, त्या खोक्यात पेढे होते," बायको बाहेरून आत येऊन म्हणाली. होते. मिस्त्रींनी खाल्ले.

हेड फेसिंगसाठी, म्हणजे तळ घासून सपाट करायला, कुर्ल्याला न्यायचं होतं. दादरला रिक्षा नाही, टॅक्सीच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर, म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून हेड मागच्या सीटवर आडवं केलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

"क्या है साब?"

"हेड है."

"किसका?"

"शेव्हरोले का."

सायनपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

लेथवाल्याने हेडवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवला. टोकांना अडला, मधोमध सुळकन आत गेला. एवढं लांब हेड तापून तापून बाक काढतंच. फेस मारून झाल्यावर तो आरशासारखा चकाकणारा भाग त्याने लगेच ऑइलने माखला. मुंबईच्या पावसाळी हवेत कोरं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. नवीन पॅकिंग भाच्याने अमेरिकेहून आणलं. ते दुमडलं की वाया, आणि कुठल्याच बॅगेत मावेना, म्हणून दोन पुठ्ठ्यांत बांधून छातीशी धरून तो उतरला. कस्टमवाल्याला त्यात पेंटिंग असल्याचा संशय आला.

मग वाल बसवणं. वाल जिथे टेकतो त्या सीटला घासायची पेस्ट लावायची, रबरी कप असलेली काठी वालाला चिकटवायची आणि ताकाच्या रवीसारखी दोन तळव्यांत फिरवायची. आधी खर्रखर्र, मग आवाज हळूहळू मऊ होतो आणि कडेने सलग करडं कडं उमटतं. या कामात खरं सुख आहे. फक्त ते बारा वेळा घ्यावं लागतं. नंतर पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळतंय का बघायचं.

हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने कसायचे असतात. प्रत्येक टप्प्याला तिसऱ्या मजल्यावरचे काका ओरडत, "अजून थोडा!" प्लगच्या वायरींचा क्रम मिस्त्रींनी खडूने भिंतीवर लिहिला: १-५-३-६-२-४. वॉचमन बराच वेळ बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, यातला ओपन कुठला?"

मांडवाचे बांबू आले त्या दिवशी गाडी सुरू झाली. टॅपेट, म्हणजे वाल उघडणाऱ्या भागांमधली फट, गरम इंजिनावरच सेट करायचे म्हणून वरचं झाकण उघडंच होतं. ऑइलचे थेंब उडत होते, आणि सेक्रेटरी पांढऱ्या शर्टात वाकून बघत होते. पांढरा धूर पूर्ण गेला. आता येत होता तो निळा.

"निळा म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, ऑइल जळतंय," मिस्त्री म्हणाले. "वरचं काम घट्ट झालं की खालचं म्हातारपण दिसतं, साहेब. पिस्टन काढावे लागतील."

सेक्रेटरी शर्ट पुसत म्हणाले, "पण रंग बदलला ना? म्हणजे औषध लागू पडलं!"