सिंगापूरच्या सक्तीच्या लष्करी सेवेचा तो फॉरवर्ड

"सिंगापूरला शत्रू नाही, युद्ध नाही, तरी प्रत्येक मुलाला अठराव्या वर्षी सैन्यात घालतात. का? तर शिस्त लावायला!" अशी सुरुवात असलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. पुढचे मुद्दे असे: दोन वर्षं झाली की मुलगा मोकळा, मंत्र्याचा मुलगा आणि टॅक्सीवाल्याचा मुलगा तिथे सारखेच, परदेशी पालकांनी मुलाला अठराच्या आत मायदेशी पाठवलं की झंझट नाही, आणि भारतानेही हेच करावं. एरवी वाचून सोडून दिला असता. पण सिंगापुरात पीआर (परमनंट रेसिडेंट, म्हणजे नागरिक नसलेली पण कायम राहायची परवानगी असलेली) असलेल्या आतेबहिणीने तो पुढे पाठवून विचारलं, "दहावीनंतर याला पुण्याला ठेवलं तर चालेल ना?" मुलगा पंधरा वर्षांचा आहे. म्हणून हे लिहिणं आलं.

आधी शिस्तीचं. ऑगस्ट 1965 मध्ये सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या दोन बटालियन होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये इंडोनेशियाच्या हस्तकांनी भर शहरात, मॅकडोनल्ड हाउसमध्ये बॉम्ब फोडून तीन जणांचा जीव घेतला होता. नॅशनल सर्व्हिसचा, म्हणजे तिथे सगळे जिला 'एनएस' म्हणतात त्या सक्तीच्या सेवेचा, कायदा मार्च 1967 मध्ये झाला आणि ऑगस्टमध्ये पहिली भरती. पुढच्याच जानेवारीत ब्रिटनने 1971 अखेर फौजा काढून घेणार असल्याचं जाहीर केलं. यात चारित्र्यसंवर्धनाचा वर्ग कुठे दिसतो?

शांततेच्या काळात सक्ती कशाला, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. एवढ्याशा देशाला मोठं पगारी सैन्य उभं करायला माणसंच पुरत नाहीत. म्हणून एक तुकडी दोन वर्षं पूर्णवेळ शिकवायची, मग कामाधंद्याला सोडायची, पण पुढे दहा वर्षांचं प्रशिक्षणचक्र तिच्यामागे ठेवायचं. म्हणजे कोणत्याही दिवशी दोन वर्षांच्या तुकड्या गणवेशात आणि साधारण दहा वर्षांच्या तुकड्या ऑफिसांत, बँकांत, टॅक्सीत. संकट आलं की या दहा बोलवायच्या. असं राखीव दल उभं राहायला दशक लागतं. युद्ध दारात आल्यावर सुरुवात करून काय मिळणार?

आणि शिस्तच लावायची असती तर सिंगापूरचा तोफखाना नाशिकजवळ देवळालीला कशाला आला असता? बेट उत्तर-दक्षिण जेमतेम 27 किलोमीटर, 155 मिलिमीटरच्या तोफेचा पल्ला वीस-तीस किलोमीटर. डागायची कुठे? म्हणून भारताशी करार करून देवळालीच्या रेंजवर 'अग्नी वॉरियर' हा संयुक्त सराव होतो. रणगाड्यांचा सराव अनेक वर्षं झाशीजवळ बबिन्याला झाला. अंथरुणाच्या घड्या घालायला शिकवण्यासाठी कोणी एवढा खर्च करत नाही.

"दोन वर्षं झाली की मोकळा" हे तर सरळ चूक. त्यानंतर वर्षाला जास्तीत जास्त 40 दिवस बोलावणं येऊ शकतं. दरवर्षी फिटनेस चाचणी असते: पुशअप्स, सिटअप्स आणि 2.4 किलोमीटर धावणं. नापास झालात तर जादा व्यायामाची सत्रं. नाव यादीत राहतं ते साध्या सैनिकाचं चाळिशीपर्यंत, अधिकाऱ्याचं पन्नाशीपर्यंत. बुडालेला पगार सरकार भरून देतं, पण प्रमोशनच्या मुलाखतीच्या आठवड्यात बोलावणं आलं तर त्याची भरपाई कोण देणार?

समानतेचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करावं लागतं. वेगवेगळ्या घरांतली पोरं एका बराकीत राहतात आणि समाज एकत्र आणणं हा हेतू सरकारनेही सुरुवातीपासून सांगितलेला आहे. पण पहिल्या दशकात बहुतेक मलय तरुणांना बोलावलंच गेलं नव्हतं. बड्यांच्या मुलांच्या नावापुढे 'व्हाइट हॉर्स' अशी खूण होत असे, हे सरकारनेच 2003 मध्ये कबूल केलं (पक्षपात होऊ नये म्हणून ती खूण होती, हा त्यांचा खुलासा). बायकांना सक्ती नाही.

भारताचं एका वाक्यात: आपल्याकडे दरवर्षी एक कोटीहून जास्त मुलगे अठरा वर्षांचे होतात आणि सगळं भूदल बारा लाखांच्या आसपास आहे, तेव्हा सक्ती करून त्यांना ठेवणार कुठे?

आता तो घातक मुद्दा, मुलाला अठराच्या आत मायदेशी पाठवण्याचा. ज्याने स्वतःच्या नोकरीवर पीआर घेतला त्या बापाला एनएस नाही. मुलगा त्याच्या अर्जात पीआर झाला की त्याला आहे. मुलगा डिपेंडंट पासवर (आईबापांच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या तात्पुरत्या परवान्यावर) असेल तर नाही. म्हणजे विचार करायचा तो मुलाच्या पीआरचा अर्ज भरताना, दहावीनंतर नव्हे.

अशा मुलाला वयाची तेरा वर्षं झाल्यावर तीन महिने किंवा जास्त काळ देशाबाहेर राहायचं तर एक्झिट परमिट, म्हणजे बाहेर राहायची सरकारी परवानगी, लागतं. साडेसोळाच्या आत दोन वर्षं किंवा जास्त जायचं असेल, किंवा साडेसोळानंतर तीन महिने जरी, तर बाँड, म्हणजे परत येण्याची आर्थिक हमी: किमान 75,000 सिंगापूर डॉलर किंवा आईबापांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाचा निम्मा भाग, यातली मोठी रक्कम. रुपयांत पन्नास लाखांच्या घरात, तेही किमान. परमिट न घेता राहिला, नोंदणी चुकवली, तर एन्लिस्टमेंट ॲक्टखाली गुन्हा: 10,000 डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि "दहा वर्षांनी विसरतील" हेही डोक्यातून काढा. 2017 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने शिक्षेची चौकट घालून दिली. जितकी वर्षं चुकवली तितकी कैद लांबते.

"मग पीआर सोडून देऊ" म्हणाल, तर भरतीखात्याने स्पष्ट लिहून ठेवलंय: एनएस न करता पीआर सोडला तर त्या मुलाच्या पुढच्या विद्यार्थी पास, नोकरी, पीआर या सगळ्या अर्जांवर प्रतिकूल परिणाम होईल. आईबापांच्या री-एन्ट्री परमिटच्या (बाहेर जाऊन परत येताना पीआर टिकवणाऱ्या परवान्याच्या) नूतनीकरणावरसुद्धा होऊ शकतो. फॉरवर्डवाल्याने ही ओळ गाळली.

तेव्हा ताई, याला परमिटशिवाय पुण्याला पाठवू नकोस. साडेसोळाला नोंदणीची नोटीस येईल, ती भरायची. ज्युनिअर कॉलेज किंवा पॉलिटेक्निक पूर्ण करायला मुदत मिळते. पदवीसाठी मिळत नाही, प्रवेश सिंगापूरचा असो की आयआयटीचा.