लहान विमानतळांचे एकत्रीकरण: हिशेब जिल्ह्याचा की प्रवाशाचा?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये आपल्या देशात १४ कोटी ४१ लाख लोकांनी देशांतर्गत विमानप्रवास केला. टाळेबंदीच्या २०२० सालात ही संख्या ६ कोटी ३० लाखांवर घसरली, २०२३ मध्ये तिने जुनी पातळी ओलांडली आणि २०२४ मध्ये ती १६ कोटी १३ लाखांवर गेली. या वाढीचा दाखला देऊन सध्या दोन परस्परविरोधी मागण्या होत आहेत. प्रवासी परतले आहेत, तेव्हा प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ द्या, असे एक बाजू म्हणते. वाढ मोठ्या शहरांतच झाली आहे, तेव्हा ओस पडलेले लहान विमानतळ बंद करून त्यांचा खर्च एका चांगल्या विमानतळावर करा, असे दुसरी बाजू म्हणते. माझे घर दक्षिण सिंधुदुर्गात असल्यामुळे हा वाद माझ्यासाठी वर्तमानपत्रातला विषय राहिलेला नाही. दोन्ही बाजू एकच चूक करत आहेत, असे मला मनापासून वाटते आणि ते थोडे सविस्तर मांडायचे आहे.

वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळे-चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. अडीच हजार मीटरची धावपट्टी, म्हणजे मोठे जेट विमान उतरू शकेल एवढी लांबी, आणि त्यावर लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली अलायन्स एअरचे सत्तर आसनी एटीआर विमान मुंबईहून ये-जा करू लागले. मुंबईतल्या चाकरमान्याला आणि मालवण-तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकाला ही मोठीच सोय होती. त्यानंतर चौदा महिन्यांनी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, पेडणे तालुक्यात मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. मोपा गोव्यात असला तरी तो महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या भागांतल्या माणसाला चिपीपेक्षा मोपा जवळ पडतो आणि तिथून दिल्ली, बंगळूर, हैदराबादची विमाने दिवसभर मिळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिपीच्या मुंबई सेवेची अनुदानाची तीन वर्षे संपली आणि ती सेवा थांबली. पुढे फ्लाय९१ सारख्या नव्या कंपनीने पुणे, हैदराबाद, बंगळूर अशा सेवा चालवल्या, परंतु ज्या मार्गासाठी हा विमानतळ प्रामुख्याने मागितला गेला होता त्या मुंबई मार्गावरचा भरवसा एकदा तुटला तो तुटलाच.

आता या सगळ्याचा हिशेब सरकारी तक्त्यात कसा दिसतो ते पाहावे. चिपीच्या रकान्यात प्रवासी घटलेले दिसतात. सावंतवाडीचा माणूस मोपाहून उडाला, तर तो गोव्याच्या रकान्यात मोजला जातो. म्हणजे सिंधुदुर्गातले लोक पूर्वीपेक्षा अधिक विमानप्रवास करत असले, तरी कागदावर सिंधुदुर्ग मागे पडतो. या तक्त्यावरून चिपीला अपयशी ठरवणारा आणि याच तक्त्यावरून चिपीला आणखी अनुदान मागणारा, दोघेही इमारतीत शिरलेली माणसे मोजतात; ती कुठल्या तालुक्यातून, किती वेळ मोडून आली हे कोणी मोजत नाही. विमानतळांचे एकत्रीकरण करावे की नाही यावर आपण चर्चा करत बसलो आहोत, आणि प्रवाशांनी आपापल्या सोयीने ते केव्हाच करून टाकले आहे. फक्त त्याला जोडणारी बस, वेळापत्रक आणि नियोजन यांपैकी काहीही त्यांच्या मागून आलेले नाही.

गोव्याच्या आतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. दाबोळी या गोव्याच्या जुन्या विमानतळाची धावपट्टी नौदलाची, तिथे नागरी वाहतुकीला मर्यादा आहेत, आणि मोपा सुरू झाल्यावर कतार एअरवेजने २०२४ मध्ये आपली सेवा दाबोळीहून तिकडे हलवली. दोन्ही विमानतळ चालू राहतील, असे सरकार वारंवार सांगते. तरीही वास्को-मडगावच्या टॅक्सीवाल्याला आणि हॉटेलवाल्याला धास्ती वाटते, आणि ती अवाजवी म्हणता येणार नाही. काणकोणच्या किंवा कारवारच्या प्रवाशाने मोपाला जायचे म्हणजे गोव्याचे एक टोक सोडून दुसरे गाठायचे. नव्या विमानतळांविषयीच्या २००८ च्या केंद्रीय धोरणात, आधीच्या विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ होणार असेल तर जुन्यावर होणारा परिणाम तपासावा, असे स्पष्ट म्हटले आहे. हे धोरण योग्यच आहे. पण परिणाम तपासण्याचा अर्थ परवानगीच्या फाइलवर शेरा मारण्यापुरता राहिला, आणि परवानगी दिल्यानंतर दोन-तीन विमानतळांनी कामे कशी वाटून घ्यायची याची जबाबदारी कोणावरच आली नाही.

‘उडान’ विषयी मी आदराने लिहितो, कारण या योजनेमुळेच नांदेड, जळगाव, कोल्हापूर ही नावे विमानांच्या वेळापत्रकात पुन्हा आली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली सेवेबरोबर नांदेड-हैदराबाद सेवेलाही हिरवा झेंडा मिळाला, तेव्हा मराठवाड्यात झालेला आनंद खरा होता. ही सेवा चालवणारी ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ मधला अहवाल या योजनेविषयी सांगतो की पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यांतले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये अनुदानाशिवाय चालू असलेले मार्ग फक्त ५४ होते. ७७४ मधले ५४. हे आकडे वाचल्यावर योजना गुंडाळा म्हणणे सोपे आहे. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. अनुदान मार्गाला दिले गेले, आणि तेही ठरावीक मुदतीसाठी, विमानतळाभोवतालच्या संपूर्ण टापूचा विचार न करता. दोन-चार विमाने असलेल्या कंपनीचे एक विमान दुरुस्तीला गेले की तीन शहरांची सेवा एकाच दिवशी थांबते. पुढच्या महिन्यात विमान असेल की नाही याची खात्री नसली की व्यापारी आणि नोकरदार पुन्हा रात्रीच्या बसकडे वळतात, आणि एकदा वळलेला प्रवासी परत यायला फार वेळ लागतो.

बेळगाव-हुबळी-कोल्हापूर पट्ट्यात तर अनुदानाने शेजाऱ्यालाच पोखरले. मे २०१८ मध्ये स्पाइसजेटने बेळगावच्या सांबरा विमानतळाहून आपल्या सेवा हुबळीला नेल्या, कारण हुबळी ‘उडान’ मध्ये होती आणि बेळगाव नव्हते. चांगले चाललेले बेळगाव जवळपास रिकामे झाले. जानेवारी २०१९ मध्ये बेळगावचाही योजनेत समावेश झाला, तेव्हा तिथून कितीतरी नव्या शहरांना विमाने सुरू झाली. मुदत संपत गेली तशी त्यांतली अनेक टिकली नाहीत. कोल्हापूरची उजळाईवाडी इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. १९३९ पासूनचा हा विमानतळ, त्याची धावपट्टी वाढवून १,९३० मीटर केली गेली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. चंदगड-गडहिंग्लजचा माणूस बेळगाव आणि कोल्हापूर यांतून तिकिटाचा दर आणि वेळ पाहून निवड करतो. त्याला राज्याची सीमा आड येत नाही. दोन राज्ये मात्र आपापल्या विमानतळाला जणू दुसरा अस्तित्वातच नाही अशा रीतीने आखतात, आणि परिणामी सकाळी दोन्हीकडून एकाच शहराला विमान असते, तर संध्याकाळी कुठूनच नसते.

उत्तर महाराष्ट्राकडे पाहिले की हीच गोष्ट आणखी ठळक होते. नाशिकजवळ ओझर, कोपरगाव तालुक्यात काकडी येथे शिर्डी, आणि छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, असे तीन विमानतळ एका ओळीत आहेत. ज्या ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी मोपाचे उद्घाटन केले, त्याच दिवशी त्यांनी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा टप्पाही खुला केला. जून २०२५ मध्ये तो रस्ता मुंबईपर्यंत पूर्ण झाला. रस्त्यामुळे तीन विमानतळांमधले वेळेचे अंतर इतके कमी झाले की प्रत्येकाने सगळे काही करण्याची आवश्यकता उरलेली नाही. शिर्डीला देशभरातून भाविक येतात, तिथे नाईट लँडिंगही आहे. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सची भक्कम धावपट्टी आहे आणि मालवाहतुकीला द्राक्ष-कांद्याचा टापू आहे. चिकलठाण्याला उद्योग आणि वेरूळ-अजिंठा आहे. हे तीन मिळून एक यंत्रणा म्हणून चालवले तर २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थात त्याचा लगेच उपयोग होईल. प्रत्येकाने स्वतंत्रपणे दिल्ली आणि बंगळूर मागत राहण्याने तो होणार नाही.

मग काही विमानतळ सरळ बंद का करू नयेत? या प्रश्नाला मी टाळू इच्छित नाही, कारण खर्चाचा मुद्दा खरा आहे. दिवसाला एक विमान उतरो की दहा, अग्निशमन दल, सुरक्षा, हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान निरीक्षण आणि धावपट्टीची देखभाल यांचा बराचसा खर्च तेवढाच राहतो. पण धावपट्टी एकदा सोडून दिली की तिच्याभोवतीची मोकळी हवा परत मिळत नाही. सोलापूरने हे अनुभवले आहे. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडावी लागली. त्याआधी वर्षानुवर्षे शहर दोन गटांत विभागले गेले होते, कारण एकीकडे विमानसेवा आणि दुसरीकडे सभासद शेतकऱ्यांचे गाळप. सप्टेंबर २०२४ मध्ये टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि प्रत्यक्ष नियमित सेवा जून २०२५ मध्ये गोव्याच्या विमानाने सुरू झाली. एवढी किंमत मोजून परत मिळवलेली धावपट्टी पुन्हा एखाद्या मंदीत सोडून देणे हा अविचार ठरेल. नियमित सेवा नसलेल्या काळातही धावपट्टी रुग्णवाहिका विमानासाठी, पूर आणि वादळातल्या मदतीसाठी, वैमानिक प्रशिक्षणासाठी जिवंत ठेवता येते, आणि त्याला पूर्ण विमानतळाइतका खर्च येत नाही.

जपानमधल्या ओसाका परिसराचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. तिथे १९९४ मध्ये समुद्रात भराव घालून कान्साई विमानतळ उभा राहिला आणि शहराजवळचा जुना इतामी बंद होईल अशी अपेक्षा होती. तो बंद झाला नाही, उलट २००६ मध्ये कोबेचा तिसरा विमानतळ आला आणि तिघे एकमेकांचे प्रवासी ओढू लागले. तोडगा निघाला तो कारभार एकत्र करून. २०१२ मध्ये कान्साई आणि इतामीचा कारभार एका कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये ओरिक्स आणि व्हिन्सी यांच्या संयुक्त कंपनीने तो घेतला आणि २०१८ मध्ये कोबेही त्यात आला. इतामी देशांतर्गत, कान्साई आंतरराष्ट्रीय, कोबे पूरक, अशी कामे वाटली गेली. आपल्याकडेही भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये खासगीकरणासाठी लहान विमानतळ मोठ्यांना जोडण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि त्या यादीत जळगावही होते. परंतु ती जोडणी गुंतवणूकदाराच्या सोयीची होती. जळगावचा प्रवासी प्रत्यक्षात कुठे जातो हा तिचा आधार नव्हता.

माझी मागणी अशी आहे की महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी टापूवार विमानतळ गट करावेत. मोपा, दाबोळी आणि चिपी यांचा एक, कोल्हापूर आणि बेळगाव यांचा एक, ओझर, शिर्डी आणि चिकलठाणा यांचा एक. प्रत्येक गटाला अनुदान एकत्रित मिळावे, आणि कुठले विमान कुठून उडेल हे वेळापत्रक गटाने ठरवावे. त्या वेळापत्रकाला जोडून एसटी आणि गोव्याच्या कदंब महामंडळाच्या बसगाड्या सुटाव्यात. कुडाळ-सावंतवाडीहून मोपाला विमानाच्या वेळेवर भरवशाची बस असणे हे चिपीच्या विरोधातले काम नाही, आणि गणपतीच्या दिवसांत चिपीला मुंबईची वाढीव विमाने मिळणे हे मोपाच्या विरोधातले नाही. मुंबईत स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्याची ठरलेली वेळ, मिळत नाही, म्हणून राज्यातल्या लहान शहरांची सेवा इतकी वर्षे अडखळली. आता नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू झाला आहे, तर तिथे सकाळी आणि संध्याकाळी एटीआर विमानांसाठी काही स्लॉट राज्यांतर्गत सेवेला राखून ठेवण्याची हीच वेळ आहे. दोन वर्षांनी ते मोठ्या मार्गांनी व्यापलेले असतील.

केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’ मधून १२० नवी ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली आहे. आपल्याकडे सोलापूरजवळ बोरामणीच्या नव्या विमानतळाची मागणीही अधूनमधून पुन्हा डोके वर काढते. नव्या जागेसाठी एक एकरही संपादन करण्याआधी सध्याच्या प्रत्येक विमानतळावरच्या प्रवाशांची तालुकावार नोंद एक वर्षभर घ्यावी आणि ती जाहीर करावी, एवढा आग्रह आपण आपल्या आमदार-खासदारांकडे धरू शकतो. तिकीट काढताना पिनकोड विचारला तरी हे काम होते. सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि सोलापूर या जिल्ह्यांतल्या मित्रांनी हा मुद्दा आपापल्या प्रतिनिधींपर्यंत लेखी पोहोचवावा, आणि शक्य असेल तर येत्या अधिवेशनापूर्वी.