डीईएफ म्हणजे फुकटचा खर्च नव्हे

बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या ट्रकमधलं डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे धूर स्वच्छ करायला वापरायचं द्रावण) म्हणजे फुकटचा खर्च, हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. ३२.५ टक्के युरियाच्या त्या द्रावणातून गरम धुरात अमोनिया तयार होतो. पुढे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ असतो: तांबं मुरवलेलं झिओलाइट हे सच्छिद्र खनिज, काही गाड्यांत व्हॅनेडियम ऑक्साइड. तिथे अमोनिया धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडशी भिडतो आणि उरतं नायट्रोजन नि पाणी. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आमच्या सोलापुरातून पुणे-हैदराबाद हायवेवर रात्रंदिवस ट्रक धावतात, कडेला वस्ती आहे, लहान पोरं आहेत. मालकहो, सेन्सर फसवून ही यंत्रणा बंद करून घेऊ नका. आणि शेतीचा युरिया पाण्यात कालवून तर मुळीच भरू नका. त्यातल्या अशुद्धीनं नोझल तुंबतो, महागडा कॅटॅलिस्टही निकामी होतो.