मेडिकलमध्ये असं यंत्र आहे का?

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रावरून जुंपली. तिथे ६६० मेगावॅटचे आणखी दोन कोळशाचे संच नकोत, यावर सगळ्यांचं एकमत. पुढे काय, यावर मात्र नाही. धरमपेठेतले काका म्हणाले, "राखेपेक्षा अणुऊर्जा बरी. लोक उगाच घाबरून राहिले." आत्या उसळली, "मग अणुप्रकल्प नको म्हणणारे जैतापूरचे लोक काय वेडे आहेत? फुकुशिमा विसरला का तू?" आणि दोघांनी साक्षीला मला ओढलं, कारण मी जपानच्या फुकुशिमा प्रांतातच, कोरियामात राहतो. फुटलेला अणुप्रकल्प इथून पूर्वेला साठेक किलोमीटरवर आहे.

मार्च २०११ मध्ये तो फुटला तेव्हा आम्हीही असेच भांडत होतो. टीव्हीवर एक तज्ज्ञ म्हणायचा काही होत नाही, दुसरा म्हणायचा पळा. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. रात्री ती झोपली की मी तिच्याकडे बघत बसायचो. या पोरीच्या अंगात काही गेलंय की नाही, हे जगात कोणालाच माहीत नाही, एवढंच डोक्यात असायचं.

तिची तपासणी झाली ती पुढच्या वर्षी. आधी कपडे बदलून तिथला सदरा घालायचा, म्हणजे कपड्यांवरची धूळ आकड्यात मिसळत नाही. मग कपाटाएवढ्या, जाड लोखंडी आडोशात दोन मिनिटं न हलता उभं राहायचं. आतले सोडियम आयोडाइडचे स्फटिक शरीरातून बाहेर पडणारे गॅमा किरण टिपतात आणि त्यांच्या ऊर्जेवरून ते अपघातात उडालेलं किरणोत्सर्गी सीझियम की आणखी काही, हे कळतं. याला होल बॉडी काउंटर म्हणतात. मुलगी पाटावर उभी राहून ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. नंतर चिठ्ठी आली: सीझियम-१३४ आढळलं नाही, सीझियम-१३७ आढळलं नाही. ती चिठ्ठी तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत आजही आहे.

एक गोष्ट मला तिथेच कळली. मोठ्या माणसाच्या अंगात निसर्गतःच असलेल्या पोटॅशियम-४० मुळे सुमारे ४,००० बेकरेल (म्हणजे सेकंदाला तेवढे अणू फुटतात) किरणोत्सर्ग जन्मभर असतोच. तेव्हा नुसतं "किरणोत्सर्ग आहे" या वाक्याला अर्थ नाही. कशाचा आणि किती, ते सांगा.

शेजारच्या आजींच्या चिठ्ठीत मात्र सीझियमचा आकडा आला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? डोंगरातल्या अळंब्या. दरवर्षी शरद ऋतूत त्या स्वतः वेचून आणायच्या. त्यांनी ते सोडलं. प्रौढांच्या शरीरातलं निम्मं सीझियम साधारण शंभर दिवसांत बाहेर पडतं, आणि पुढच्या खेपेला आजींचा आकडा खरंच उतरला होता. मोजलं नसतं तर आजी तरी अळंब्या खात राहिल्या असत्या, नाहीतर आम्ही सगळेच भाज्यांना घाबरत राहिलो असतो.

आत्या, तुझी भीती मी उडवून लावत नाही. जपाननेसुद्धा मोजण्यात मोठी चूक केली. अपघातात उडालेलं किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं आणि आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे ती ग्रंथी पहिल्या काही आठवड्यांतच मोजावी लागते. मार्चच्या अखेरीस गळ्याशी यंत्र लावून मोजलेली मुलं किती? १,०८०. पुढे तीन लाख मुलांच्या गळ्याची सोनोग्राफी झाली, कॅन्सर सापडले. ते किरणांमुळे की इतक्या बारकाईने शोधल्यामुळे, हा वाद आजही चालू आहे. तो मिटवू शकला असता असा आकडा त्या आठवड्यांतच विरून गेला. माझी मुलगीही त्या १,०८० मध्ये नव्हती.

आणि काका, मोजायची गरज फक्त अणुभट्टी फुटल्यावर पडते असं नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० आलं आणि एक कामगार गेला. २००९ मध्ये कर्नाटकातल्या कैगाच्या अणुप्रकल्पात पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, मिसळलं गेलं. पन्नासहून अधिक कामगारांच्या अंगात ते गेल्याचं कळलं ते लघवीच्या नेहमीच्या तपासणीत. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे की शरीराबाहेरच येत नाहीत, कितीही महागडं यंत्र लावा. तिथे लघवीच तपासावी लागते.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही, पण नुसत्या भरवशावर तिला होकारही देणार नाही. प्रकल्प जैतापूरला होवो की आणखी कुठे, आजूबाजूच्या माणसांचे आजचे आकडे आधी नोंदवलेले हवेत. पहिल्या आठवड्यात मुलांचे गळे कोण मोजणार, त्याचं नाव ठरलेलं हवं. आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात पडायला हवी, फायलीत नव्हे. अणुखनिज संचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे, एनडीआरएफ या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही आहे. आपल्या शहराला हा विषय परका नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग काकांनी विचारलं, "आपल्या मेडिकलमध्ये असं यंत्र आहे का रे?" आत्या सोमवारी नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाऊन विचारणार आहे.