एक स्टार दिलेल्या जांबोटीकडच्या दादांना दुकानाकडनं उत्तर

नमस्कार दादा, तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये आमच्याकडनं नेलेलं ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं मशीन, दोन महिन्यात जाम झालं, वॉरंटीत बसत नाही म्हटलं, वर साडेपाच हजाराचा खर्च सांगितला, म्हणजे आम्ही डुप्लिकेट माल खपवतोय. राग समजतो, काजूच्या बागेत कमरेएवढं गवत आणि मशीन बंद म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. पण डुप्लिकेट हा शब्द मी घेणार नाही, म्हणून जे झालं ते इथंच लिहितो.

मशीन तुमच्या भावासमोरच खोललं. पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूनं उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटून बसलेली. ऑईल कमी पडलं की असंच होतं. तुमचं मशीन टू स्ट्रोक, त्याला बाईकसारखं खाली इंजिनात ऑईल भरून ठेवलेलं नसतं ओ, क्रँकचं बेअरिंग, पिस्टन, सिलेंडर, सगळ्यांना काय मिळायचं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलमधनंच मिळतं, तेच कमी असलं तर फुल रेसवर गवत कापताना धातूवर धातू घासणार की.

भाऊ म्हणाले, ऑईल रोज घालतो, लिटरला दोन टोपणं. खोटं बोलले नाहीत ते. मी तेच टोपण सिरिंजनं मोजलं, साडेसात एमएल भरलं. दोन टोपणं म्हणजे 15. तुमच्या मशीनच्या टाकीवर 25:1 छापलंय, 25 भाग पेट्रोलला 1 भाग ऑईल, म्हणजे लिटरला 40 एमएल पाहिजे! त्यात ते ऑईल बाईकच्या सर्व्हिसिंगचं उरलेलं, फोर स्ट्रोकचं. ते इंजिनात राहून फिरण्यासाठी केलेलं असतं, टू-टी, म्हणजे टू स्ट्रोकचं ऑईल पेट्रोलात मिसळून जळून जाण्यासाठी. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, म्हणून गडबड होते. शेजाऱ्याच्या मशीनला 20 एमएल चालतं म्हणून आपल्याला चालतंय असंही नाही, त्याचं 50:1 असेल, आपल्या मशीनवर काय लिहिलंय तेच बघायचं. आणि भीतीपोटी दुप्पट ओतलं तर धूर, प्लग काळा, सायलेन्सर कार्बननं बुजतो.

आता आमची चूक. मृगाच्या गर्दीत आमच्या पोरानं तुम्हाला तोंडीच सांगितलं, "ऑईल घालून वापरा", किती, कुठलं, कसं मिसळायचं काही नाही. मापाची बाटली बॉक्समध्येच पिशवीखाली राहिली, तुम्ही बॉक्स आणला तेव्हा तशीच होती. पुस्तक इंग्लिशमध्ये, ते कोण वाचतंय, मी पण वाचत नाही. म्हणून लेबर घेणार नाही, पिस्टन-सिलेंडरचा सेट आमच्या खरेदीच्या दरात, एक लिटर टू-टी ऑईल आमच्याकडनं. वॉरंटी मात्र कंपनी देणार नाही, ते माझ्या हातात नाही, पिस्टन बघितल्या बघितल्या ते नाही म्हणतात.

पुढं असं करा, वेगळ्या कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, त्यात मोजलेलं ऑईल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवायचं. मशीनच्या टाकीत थेट ऑईल ओतायचं नाही, ते जड असतं, तळाला बसतं. रोज भरायच्या आधी पण कॅन हलवा, आणि मशीन गरम असताना टाकी उघडू नका, पाच-दहा मिनिटं थांबा, बिडी तर लांबच. आता पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल असतंय, ते आपल्या पावसातली ओल ओढतं, म्हणून महिनाभर पुरेल एवढं मिसळून ठेवू नका, आठवड्याचं करा. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटर कोरडा होतो.

आता प्रत्येक नवीन मशीनच्या टाकीवर आम्ही मराठी आणि कन्नडमध्ये स्टिकर लावतोय, लिटरला किती एमएल ते मोठ्या आकड्यात. तुमच्यापासनंच सुरू केलं म्हणा.

मशीन शुक्रवारी दुपारपर्यंत तयार होईल, येताना कॅन घेऊन या, पहिलं पेट्रोल इथंच मिसळून देतो, तुमच्यासमोर. ते टोपण आणलं नाही तरी चालेल.