चोर्ल्याचा उतार आणि भाऊचं बटण

काल साखळीच्या बाजारात, आमच्या कट्ट्यावर, भाऊ आला तो घाम पुसतच. बेळगावहून चोर्ला घाट उतरताना ब्रेकमधून जळका वास सुटला आणि केरीला पोचेपर्यंत पेडल मऊ. गाडीत बायको-मुलं. मी चाकाजवळ हात नेला तर रिम अजून पोळत होती.

"गाडीच खराब! कतारात बारा वर्षं ऑटोमॅटिक चालवली मी..."

"कतारात घाट खंय रे, भाऊ?" रोहिदासनं विचारलं. वीस वर्षं टॅक्सी चालवतो तो, आणि या बाबतीत मी डोळे मिटून त्याच्या बाजूचा. "उतरताना ओडी, म्हणजे ओव्हरड्राइव्हचा चौथा गिअर, बंद केलेलास?"

"ते बटण मी हातच लावत नाही. बंद केलं की गाडी पेट्रोल खाते."

"सपाटीला बरोबर. झुवारीच्या पुलावर चौथ्यात इंजिन सावकाश फिरतं, पेट्रोल वाचतं. म्हणून एरवी ओव्हरड्राइव्ह चालूच ठेवायची. पण उतारावर त्या गिअरात इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. बटण दाब, 'ओडी ऑफ'चा दिवा लागेल, मग गाडी तिसऱ्याच्या वर जाणार नाही. तेवढ्यानं नाही भागलं तर लिव्हर 'दोन'वर घे, वळणाआधीच."

"आणि चढाला?" दत्तूनं विचारलं.

"तिसरा-चौथा, तिसरा-चौथा अशी घुटमळायला लागली की तेव्हाही बंद. उगाच गिअरबॉक्सचं तेल तापतं."

दत्तूच्या नव्या गाडीत हे बटणच नाही. तिथं 'एल', म्हणजे खालच्या गिअरनं, किंवा हातानं बदलायच्या गिअरनं हेच काम होतं.

"कतारात आमचा फोरमन म्हणायचा..." भाऊनं पुन्हा सुरुवात केली.

"फोरमनला चोर्ल्यात उतरव एकदा," रोहिदास म्हणाला. "आधी ब्रेक ऑइल बदल. उकळलेलं असणार. तोवर घरचीं बसनं जाऊं देत."

भाऊ पहिल्यांदाच गप्प झाला. तेवढ्यात मास्तरांनी मिरची तोंडात टाकता टाकता जुनं उकरलं. "रोहिदासाचं काय ऐकतोस? चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणलं, तर भाड्यात चार नारळ कापून घेतले यानं."

"तीन!"

"चार. एक फुटका होता, तोही मोजलाय मी."

"फुटका तुम्हीच डिकीत आपटलात, मास्तर!"

भाऊ हसता हसता मिरचीच्या ठसक्यानं खोकायला लागला, दत्तू त्याच्या पाठीवर थापा मारू लागला. चहावाल्यानं विचारलं, नारळाचे पैसे कुणाच्या खात्यावर मांडू?